बिनखाचेचं भगुणं

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरी वर्तमानपत्र यायचं नाही, गोष्टींची पुस्तकं तर दूरच राहिली. पण वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, परभणीला सभेला गेले की पिशवी भरून पत्रकं आणायचे. पिवळी, गुलाबी, हिरवट. वाचून झाली की माय ती फळीवर अंथरायची आणि त्यांच्यावर भांडी मांडायची. त्यामुळे डबा उचलला की खाली 'निषेध' दिसायचा, चरवी उचलली की 'धिक्कार'. अक्षरं लावायला मी तिथंच शिकले. माझ्या लिहिण्यात आवाज फार चढतो असं लोक म्हणतात. त्याचं मूळ त्या फळीत आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

आज मात्र त्या कागदांवर मांडलेल्या भांड्यांबद्दल लिहायचं आहे. परवा परभणीत खोली घेतली, स्वयंपाकाला दोन भांडी हवी होती म्हणून दुकानात गेले. दुकानदारानं पातेलं पुढं केलं आणि माझं बोट आपोआप त्याच्या काठावरून गोल फिरलं. "ताई, बूड बघतात लोक. तुम्ही काठ काय बघता?" तो म्हणाला. पातेलं घेऊन आले आणि लिहायला बसले.

आमच्या गावात मारुतीच्या देवळामागं एक खोली होती. तिच्यात गावची भांडी असायची. मोठमोठी भगुणी, म्हणजे पातेली, पराती, डाव, झारे. गावानं वर्गणी काढून घेतलेली. वर्गणी आमच्या वस्तीकडूनही घेतली होती. घेताना पैशाला विटाळ नव्हता. ज्याच्या घरी लग्नकार्य असेल त्यानं भांडी न्यायची आणि घासून परत ठेवायची, असा रिवाज. आमच्या वस्तीसाठी मात्र एकच भगुणं वेगळं काढलेलं होतं. ते बाकीच्यांत मिसळू नये म्हणून त्याच्या काठाला कानशीनं खाच पाडली होती, बोटाचं पेर बसेल एवढी. शेळीच्या कानाला खूण करतात तशी. बुडाला डाग दिलेला, एका बाजूनं पोचे आलेले, आणि ठेवलेलं दाराआडच्या कोपऱ्यात, केरसुणीजवळ.

वस्तीतल्या प्रत्येक लग्नाचं वरण त्या खाचेच्या भगुण्यात शिजलं. माझ्या मायच्या लग्नाचंही. ती सांगायची, "वाढणाऱ्याचा डाव दर खेपेला त्या खाचेला अडकायचा. टण वाजायचं. मी मुंडावळ्या बांधून बसलेली, अन् तिकडं टण, टण. पुरं लग्न ते ऐकत होते बघ मी."

मग नामांतराचं वर्ष आलं. विद्यापीठाला नाव द्यायचा ठराव झाला आणि आमची घरं जळाली. या दोन वाक्यांच्या मधे 'आणि' कसा काय बसतो, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज पत्रकं लिहूनही नीट कळलेलं नाही. मी लहान होते. ओढ्याकाठच्या बाभळींत आम्ही लपलो होतो, मायनं माझं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं होतं, एवढं आठवतं. परत आलो तेव्हा घराच्या जागी भिंतीचे बुंधे होते. दादांची पत्रकं तर हवेतच गेली होती. मातीची मडकी फुटली होती. आणि जिथं फळी होती तिथं राखेत एक चकचकीत चपटा गोळा पडला होता, वाहता वाहता थिजल्यासारखा. आमच्याकडं ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. तो गोळा म्हणजे आमची जर्मनची ताटं, भगुणं आणि झाकणी.

त्याच राखेत मायला तिचा पितळी तांब्या सापडला. लग्नात तिच्या आईनं दिलेला. काळाठिक्कर झाला होता, पण आकार होता तसा होता. माय तिथंच बसली आणि घासायला लागली. राखेला त्या दिवशी काही कमी नव्हती. दादा म्हणाले, "आगं, आता हे काय करायलीस?" माय म्हणाली, "बघा ना. जर्मन पळून गेलं. पितळ थांबलं."

पुढं मदतीची भांडी आली. कुठल्या कुठल्या शहरांतून, आम्हाला कधीही न पाहिलेल्या लोकांनी पाठवलेली. त्यांचे उपकार मी विसरलेली नाही. त्या जर्मनच्या भगुण्यात आमच्या कितीतरी भाकरींचं कोरड्यास शिजलं. पण मायच्या डोक्यात पितळ बसलं ते बसलंच. आणि ते तिच्या एकटीपुरतं नव्हतं. घरं पुन्हा उभी राहिली, चार पावसाळे गेले, तेव्हा एका पौर्णिमेला वंदना झाल्यावर ती बायांना म्हणाली, "आपलं म्हणून एक थोरलं भगुणं घिऊ. त्या खाचेला आता हात लावायचा न्हाई."

बायांनी घरातली मोड काढली. मोड म्हणजे तुटकीफुटकी जुनी भांडी, जी देऊन नवं घेताना वजनात धरतात. कुणाची ठेचलेली वाटी, कुणाचा बूड गेलेला गडवा, कुणाची नुसती कडी. बरीचशी त्या आगीत भाजून निघालेली. मायनं आपला तांब्याही त्यात टाकायला आणला होता; सगळ्यांनी मिळून तो परत तिच्या हातात दिला. बाकीचं खुरपणीच्या मजुरीतून हळूहळू जमलं. आणि मग पाच-सहा बाया, सोबत मी, असा आमचा तांडा गंगाखेडच्या भांडेगल्लीत जाऊन धडकला.

माय भांडं कसं निवडते ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट पाहिलं. दुकानदारानं बाहेर मांडलेलं, आरशासारखं चमकणारं भगुणं तिनं बघितलंही नाही. "चकाकी उद्या माझ्या हातानं यील," म्हणाली, "मला आतलं दावा." आतलं काढलं. तिनं ते फरशीवर पालथं घातलं, हलतंय का पाहिलं. मग उताणं करून बुडाजवळ बोटाच्या पेरानं वाजवलं, मग पोटाला, मग गळ्याला. आवाज लांबला पाहिजे; तुटला तर कुठंतरी चीर आहे. मग उन्हाकडं धरायला लावून आत डोकं घातलं, टाचणीएवढा तरी उजेड दिसतो का बघायला. ठोक्यांच्या खुणा सारख्या पडल्यात का यावरून तळवा फिरवला. आणि सगळ्यात शेवटी डोळे मिटून काठावरून बोट, अख्खं एक वर्तुळ.

दुकानदार हसला. "बाई, भांडं घ्यायलाव का सोयरीक करायलाव?"

"सोयरिकीला आलेले लोक एवढं बघत न्हाईत, भाऊ," माय म्हणाली, "म्हणून तर निम्म्या पोरी रडायल्यात."

वस्तीत एक म्हातारी होती, नात्यानं कुणाचीच नाही आणि म्हणून सगळ्यांची आत्या. ती सोबत होती. तिनं भगुण्याच्या आत वाकून पाहिलं. "आतून पांढरं कामून हाय हे? बाहेरून पिवळं अन् आतून पांढरं?"

"कल्हई आहे आजी," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. एवढंच बोलला. कल्हई म्हणजे काय, ती का असते, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. जन्मभर मातीत आणि जर्मनमध्ये रांधणाऱ्या बायका आम्ही. आतून पांढऱ्या पितळाशी आमचा काय संबंध आला होता?

नाव घालणारा, टिकली-टिकलीनं अक्षरं कोरणारा माणूस दुकानाच्या पायरीवरच बसलेला. कुणाचं नाव घालू म्हणाला. विद्यापीठाच्या नावापायी ज्यांची घरं जळाली, त्या बायांना तो नाव विचारत होता. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मी तेव्हा नुकतीच स्वतः पत्रकं लिहायला लागले होते. मी चांगला चार ओळींचा मजकूर सांगितला. तो माणूस म्हणाला, "पोरी, एवढं लिहायचं तर भगुणं न्हाई, शिळा लागंल." शेवटी 'समस्त वस्ती' एवढंच ठरलं. तो काठाकडं हत्यार नेणार तोच माय म्हणाली, "काठाला हात लावू नको. पोटावर घाल."

भगुणं वस्तीत आलं. त्याचं कौतुक मी काय सांगू. ते आमच्या विहारात ठेवलं आणि आत्यानं नेम घालून दिला की दर पौर्णिमेला वंदना झाली की प्रत्येक घरच्या बाईचा हात त्याला लागलाच पाहिजे. ज्या घरची बाई आली नाही ती घासणीतून सुटणार नाही. तिनं दुसऱ्या दिवशी येऊन घासायचं. चिंच, राख, विटकरीची भुकटी, नारळाची शेंडी. चंद्र वर यायचा आणि बाया भगुण्याभोवती गोल बसून घासत राहायच्या. गप्पा, उखाणे, सासवांच्या नकला. एकीचा हात आत, एकीचा बाहेर. बाळंतीण असली तर तिच्या वतीनं दुसरी घासायची आणि सांगायची, "हे तिच्या वाटचं." मला स्वयंपाकघर म्हणजे बाईची बेडी असं पत्रकांनी शिकवलं होतं, आणि ते खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण त्या गोल बसलेल्या बायांकडं बघताना तो शब्द माझ्या डोक्यात येत नव्हता. स्वतःच्या मालकीचं काहीतरी घासणं आणि दुसऱ्याचं घासणं, यात फरक असतो. त्यांच्या खांद्यांकडं पाहून तो कळायचा.

हळूहळू आतला पांढरेपणा जायला लागला. आधी बुडाशी पिवळा ठिपका दिसला. आत्या हरखली. "बघा, निघायलाय मळ. किती दिवसांचा बसलेला असंल." मग तर बायांना चेव आला. आतून बाहेरून एकसारखं सोनं झालं तेव्हा आत्यानं गूळ वाटला. माझी मायही त्यात होती. तांब्याला आतून पितळच असतं, तर भगुण्याला का असू नये? सगळ्यांनी मिळून, जिवापाड माया करून, कल्हई खरवडून काढली होती.

भगुणं आल्यावर वस्तीत पहिलं लग्न ठरलं ते माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं. अक्का फार बोलायची नाही. पण मायच्या लग्नातलं ते टण, टण तिनंही लहानपणापासून ऐकलेलं. साखरपुडा झाला त्या दिवशी ती विहारात जाऊन भगुण्याजवळ एकटीच बसून आली. मी विचारलं काय करत होतीस. म्हणाली, "काय न्हाई. बघत होते, माझं वरण किती मावंल त्यात."

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी मानवतहून मामा आले. ते तिथं एका खानावळीत रांधायचे. लग्नाचा स्वयंपाक त्यांच्याकडंच होता. अंगणात चूल खणली होती, आत्यानं भगुण्याला हळदीकुंकवाऐवजी फुलं वाहिली होती. मामांनी आत पाहिलं आणि पिशवी खाली ठेवायची ती हातातच राहिली.

"आक्के," ते मायला म्हणाले, "कल्हई कुठं गेली?"

"कसली कल्हई? मळ होता. घासून काढला."

मामा ओट्यावर बसले. डोक्याला हात लावून बसले असं मी लिहिणार होते, पण खरं सांगायचं तर ते आधी हसले. पोटभर हसले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "आगं माय माझे, ती काढायची नसती. पितळ उघडं पडलं की आंबट कळकतं. चिंचेचं वरण ह्यात शिजवलं तर उद्या सगळं वऱ्हाड ओकायला बसंल."

आत्या म्हणाली, "मग चिंच घालूच नका."

"अन् टमाटे? अन् मीठ? ह्यात मी काही शिजवणार न्हाई, आत्या. माझ्या भाचीचं लग्न हाय."

दुपारपर्यंत पाव्हणे यायला लागणार होते. दादा हळू म्हणाले, "एका दिवसाचा प्रश्न हाय. देवळामागचं आणू का?"

दादांचा दोष नव्हता. मुलीचं लग्न असलेल्या माणसाच्या तोंडून ते आलं होतं. मी मात्र पेटले. वर्गणी, खाच, दंगल, सगळं एका दमात बोलून टाकलं. आमच्या घरात भिंतीवर चिकटवायला जागा असती तर चिकटवूनही आले असते. दादा म्हणाले, "पत्रकात वरण शिजत न्हाई, बाई."

तेव्हा अक्का हळदीच्या अंगानं दारात आली. "दादा, उद्या डाव वाजला तर मी उठून जाईन," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

माय उठली. "राणीसावरगावला कल्हईवाला बसतो. धर ग त्या बाजूनं," मला म्हणाली.

आम्ही दोघींनी भगुणं उचलून फाट्यावर आणलं. वाटेत पार लागतो. पारावर बसलेले एक काका, देवळामागच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडं असायची. ते म्हणाले, "घासून घासून सोनं केलं म्हणं पितळाचं. लागलं तर आपलं हाय की पडलेलं कोपऱ्यात."

"पडू द्या, काका," माय चालता चालता म्हणाली. "कोपऱ्याची सवय झालीय त्याला. उगं उजेडात आणलं तर बावरंल."

एसटी आली. कंडक्टर दारात आडवा. "मावशी, हे टपावर टाका."

"पोचा यील. मांडीवर घिऊन बसते."

"एवढं मांडीवर? मग ह्याला तिकीट लागंल. अर्धं का पूर्ण?"

"अजून शाळंत घातलं न्हाई, अर्धं फाड."

गाडी हसली. मागच्या सीटवरचे दोघे उठून उभे राहिले आणि भगुण्याला खिडकीजवळची जागा मिळाली. कंडक्टरनं शेवटी आमच्या दोघींचीच तिकिटं फाडली. माय भगुण्याच्या काठाला धरून बसली होती, दर खड्ड्याला ते आपल्याकडं ओढून घेत.

कल्हईवाले चाचा बाजारतळाजवळ लिंबाखाली बसायचे. त्यांच्यासमोर भांड्यांची रास होती आणि एक बाई आपली दोन पातेली घेऊन भांडत होती की आधी माझं. चाचांनी आमचं भगुणं पाहिलं, आत हात फिरवला आणि मायकडं वर पाहिलं.

"ये क्या करे, बाई? घोडे कू भी इत्ता खरारा नै करते."

"लय माया केली, भाई," माय म्हणाली. "जरा जास्तच झाली."

"परसों आव. आज नै होता. बड्डा है, भट्टी खोदना पडता."

"उद्या पोरीचं लग्न हाय."

"तो गाव के भगुने नै क्या? गाव में तो रैते."

माय वाकली आणि आमच्या भगुण्याच्या काठावर, जिथं काही नव्हतं, तिथं आपल्या बोटाचं पेर ठेवलं. "त्याला हितं खाच हाय," म्हणाली. "आमच्यासाठी पाडलेली. माझं लग्न त्याच्यातच झालं. पोरीचं नको."

चाचांनी काही क्षण त्या बोटाकडं पाहिलं. मग हातातली मातीनं भरलेली कढई बाजूला सरकवली आणि फावडं उचललं. पातेलीवाली बाई अजून तिथंच होती. चाचा तिच्याकडं बघायच्या आत ती म्हणाली, "बघू नका माझ्याकडं. हिचं हू द्या. माझ्या पातेल्यात काय लग्न लागायलंय व्हय?" आणि ती गेली नाही. बसली, आणि चाचांच्या भात्याची दोरी हातात घेऊन ओढायला लागली. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

चाचांनी भगुण्यात वाळू आणि ओलं पोतं टाकलं, स्वतः आत उतरले आणि काठाला धरून टाचांवर गरागरा वळायला लागले. कंबर अशी हलवत होते की मला हसू आवरेना. "हस, बेटी, हस," ते आतून म्हणाले. "शादी का काम है, नाचे बगैर कैसा होना?" मग भट्टी धगधगली. भगुणं तापलं. चाचांनी नवसागराची चिमूट टाकली तसा पांढरा धूर उसळला, डोळ्यांत पाणी आलं. कथलाची कांडी आत टेकवली, ती लोण्यासारखी विरघळली, आणि कापसाच्या बोळ्यानं त्यांनी ती बुडापासून काठापर्यंत झरझर फिरवली. पिवळ्यावर चांदणं पसरावं तसं ते पांढरं पसरत गेलं. माय तोंडावर पदर धरून धुरात वाकून बघत होती. मळ म्हणून आम्ही जे काढून टाकलं होतं ते एक माणूस घाम गाळत परत लावत होता.

पाणी मारलं, भगुणं चर्रर्र करून गार झालं. चाचा म्हणाले, "अब सुनो बाई. अंदर में सिरफ राख और हात. नै तो पाणी में भिगो के रखो, छूट जाता. ईंट नको, चिंच नको. जित्ता जोर है सब बाहेर में निकालो." मग पैशाचं विचारल्यावर त्यांनी जे होतील तेच घेतले, एक छदाम कमी नाही. मायला ते आवडलं. वाटेत म्हणाली, "फुकट केलं असतं तर मी घेतलं नसतं. काम केलं, दाम घेतला. तेच बरं."

परतीला तीच एसटी, तोच कंडक्टर. आत डोकावून म्हणाला, "सकाळी पिवळं होतं की. आता कामून पांढरं पडलं, भ्यालं का काय?"

"आंघोळ घातली. उद्या मांडवात बसायचंय त्याला."

फाटा वस्तीच्या पुढं आहे. पण वस्तीच्या वळणावर कंडक्टरनं दोरी ओढली. ड्रायव्हर मागं वळून ओरडला की इथं थांबा नाही. कंडक्टर म्हणाला, "थांबा न्हाई, लग्न हाय." उतरवायला तो स्वतः खाली आला. मी सरकारला नावं ठेवण्यात पुष्कळ कागद खर्च केला आहे आणि पुढंही करणार आहे. पण सरकारी खाकीतल्या त्या माणसानं भगुण्याची एक बाजू धरून ते आमच्या मातीत हळूच टेकवलं, हे मी त्याच शाईनं लिहून ठेवते.

ऊन अजून होतं. अंगणात पाव्हणे आले होते. मामांनी आत हात फिरवला आणि नुसती मान डोलावली, आणि आत्या आपली कपाळावर मारून घ्यायला लागली. "माझ्या हातानं खरडलं ग. माझ्या हातानं." मायनं तिचा हात धरून भगुण्याच्या आत टेकवला. "हे बघा. आलं परत. रडायचं कशाला?"

दुसऱ्या दिवशी अक्काचं लग्न लागलं. पांढऱ्या साडीत ती उभी होती, वंदना झाली, फुलं पडली. मग पंगत बसली. मामांनी चिंचेचं वरण ढवळून डाव उचलला. माझं लक्ष मायकडं होतं. ती खांबाला टेकून उभी, डोळे मिटलेले. डाव भगुण्याच्या काठावरून घसरला आणि सरळ पत्रावळीत गेला. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. काही वाजलं नाही. आवाज होता तो जेवणाऱ्यांचा. माय तशीच उभी राहिली, पहिली पंगत उठेपर्यंत. मग डोळे उघडून मला म्हणाली, "उभी काय राहिलीस? मीठ फिरव."

त्या वरणाची चव मी पुढं कुठंच घेतली नाही. कदाचित भूक जास्त लागली असेल.

विद्यापीठाचं नाव प्रत्यक्ष पाटीवर यायला पुढं कितीतरी वर्षं लागली. त्या वर्षांत आम्ही मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, पत्रकं लिहिली, आणि त्या प्रत्येक वर्षात वस्तीतली लग्नं त्या भगुण्यात झाली. त्याला आजवर कल्हई कितीदा झाली असेल ते चाचांनाच ठाऊक. देवळामागच्या खोलीतलं खाचेचं भगुणं आमच्याकडचं कुणी पुन्हा मागायला गेलं नाही. ते तिथं असेल नाहीतर मोडीत गेलं असेल. मला चौकशी करावीशी वाटत नाही.

मला आठवते ती लग्नाच्या दिवशीची दुपार कलतानाची वेळ. अक्का सासरी निघाली होती, पाव्हणे पांगले होते. रिकामं भगुणं अंगणात, बुडाशी वरणाची पिवळी साय धरलेली. बाया घासायला जमल्या आणि सगळ्या नुसत्या उभ्या राहिल्या. कुणाचा हात पुढं होईना. माय एकटी वाकली. आत पाणी ओतलं, भिजू दिलं, मग तळहातावर राख घेऊन, लेकराची पाठ चोळावी तशी, हळूहळू फिरवत राहिली. आत्या शेजारी. तिच्या एका मुठीत विटकरीची भुकटी, दुसऱ्या हातात नारळाची शेंडी. तिला धीर निघेना.

"लय हात शिवशिवायलेत ग," म्हणाली.

मायनं भगुणं तिच्या बाजूनं वळवलं. "बाहेरून घासा, आत्या. बाहेरून किती घासायचं तेवढं घासा."

आत्या मांडी घालून बसली आणि 'समस्त वस्ती'वर तिनं जोर लावला.